बेंगळुरूतून कोल्हापूरला कंपनी हलवताना: पत्ता सगळ्यात शेवटी बदला

"ऑफिस बघितलं, टोकन दिलं, फर्निचरवाल्याला आगाऊही दिली. आता कंपनीचा पत्ता कसा बदलायचा तेवढं सांगा." दर उन्हाळ्यात मला असे चार-पाच फोन येतात. कंपन्यांची कागदपत्रं बघणं हा माझा धंदा. फोन येईपर्यंत बहुतेकांनी क्रम उलटा केलेला असतो. शेवटचं काम आधी उरकलेलं असतं आणि पहिलं काम डोक्यातही नसतं.

उदाहरण म्हणून एक कंपनी धरू: परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी, ३० माणसांची प्रायव्हेट लिमिटेड. नोंदणी बेंगळुरूची, मालक कोल्हापूरकडचे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करा. कंपनी हलवणं म्हणजे तीन वेगळी कामं आहेत: माणसं हलवणं, बिलिंग हलवणं आणि नोंदणीकृत कार्यालय, म्हणजे कंपनीचा सरकारदरबारी नोंदलेला पत्ता, हलवणं. तिन्ही एकाच तारखेला करायची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. ऑरॅकलने डिसेंबर २०२०मध्ये मुख्यालय कॅलिफोर्नियातून ऑस्टिनला नेल्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठून काम करायचं हे बऱ्याच कर्मचाऱ्यांना स्वतः ठरवता येईल, असंही त्याच दमात सांगितलं होतं. एवढ्या मोठ्यांनी पत्ता आणि माणसं वेगळी ठेवली, मग ३० जणांच्या कंपनीला कसली घाई?

## १. आधी हिशोब, आणि तो भाड्याचा नव्हे

समजा, माणशी ६० चौरस फूट धरून १,८०० चौरस फूट जागा लागते. दोन शहरांच्या भाड्यात चौरस फुटामागे महिन्याला ४० रुपयांचा फरक आहे. म्हणजे महिन्याला ७२,००० रुपये वाचले. आता पगार बघा. सरासरी ८०,००० धरला तरी ३० जणांचे महिन्याला २४ लाख होतात. भाड्यातली बचत पगाराच्या ३ टक्के. दोन जुने, जाणते इंजिनिअर सोडून गेले आणि त्यांच्या जागा तीन-चार महिने भरल्या नाहीत, तर वर्षाची बचत तिथेच संपते.

तेव्हा कागदावर चार रकाने करा: भाडं, एकदाच होणारा खर्च, माणसं गेल्याचा खर्च आणि पुढच्या दोन वर्षांत भरतीत होणारा फायदा. खरी कमाई असली तर चौथ्या रकान्यात असते. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात इंजिनिअरिंग कॉलेजं भरपूर आहेत, आणि घराजवळ काम मिळालं तर टिकणारी मुलंही आहेत. पण दहा वर्षं अनुभव असलेला डेटाबेसवाला इथे जाहिरात दिल्यावर आठवड्यात मिळत नाही.

सावधान: "तिकडे खर्च कमी, म्हणून पगारही कमी करू" हा विचार मनात असेल तर हा लेख इथेच सोडा. रिमोट कामाची दारं उघडी असताना कपात झालेला माणूस तुमच्याबरोबर गाव बदलत नाही, कंपनी बदलतो.

## २. माणसांना विचारा, एकेकट्याला

सगळ्यांना एकत्र बसवून घोषणा करू नका. सभेत सगळे माना डोलावतात आणि संध्याकाळी रेझ्युमे नवा करायला घेतात. प्रत्येकाशी अर्धा तास वेगळं बोला आणि पाच गोष्टी विचारा: जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा व बोर्ड, आई-वडील कुठे राहतात, घराचा हप्ता चालू आहे का, आणि यायचं नसेल तर घरून काम चालेल का. उत्तरं तीनच गटांत लिहा: येणार, नाही येणार, घरून करणार. "बघू" हे उत्तर "नाही"मध्ये धरा.

हे बोलणं दिवाळीच्या आधी उरका. शाळांचे प्रवेश डिसेंबर-जानेवारीपासून सुरू होतात आणि सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये लागतं. मार्चमध्ये घोषणा केलीत तर लहान मुलं असलेला प्रत्येक जण नाइलाजाने "नाही" म्हणेल.

हलवायचा महिना एप्रिल-मे ठेवा. मार्चमध्ये हिशोबनीस बोलायच्या मनःस्थितीत नसतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या पावसाचा भरवसा नसतो. २०१९ आणि २०२१च्या पुरात शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गच बंद पडला होता.

तपासा: ज्यांच्याशिवाय काम अडेल अशा पाच जणांची नावं लिहा. त्यातले तीन "येणार" किंवा "घरून करणार" या गटात नसतील, तर अजून जागा बघू नका.

## ३. जागा, वीज, नेट

इथे घाई सगळ्यात महागात पडते.

पूररेषा. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापुरात शाळकरी मुलालाही पाठ असतं. बेंगळुरूहून येणाऱ्याला नसतं. जागा बघताना शेजारच्या दुकानदाराला विचारा, "एकवीसच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. व्हीनस कॉर्नर, कुंभार गल्ली अशा भागांत तळमजला कितीही स्वस्त मिळाला तरी नको. ऑफिस वरच्या मजल्यावर असलं तरी मीटर आणि जनरेटर कुठल्या मजल्यावर आहेत तेही बघा.

वीज. जागामालकाकडून महावितरणचं ताजं बिल घ्या आणि त्यावर दोन गोष्टी बघा: मंजूर भार आणि वापराचा प्रकार. ३० लॅपटॉप आणि मॉनिटर मिळून साधारण साडेतीन-चार किलोवॅट, दीड टनाचे सहा एसी दहाच्या आसपास, दिवे-यूपीएस-पँट्री अजून तीन-चार. म्हणजे १७-१८ किलोवॅट झाले. बिलावर ५ किलोवॅट आणि सिंगल फेज असेल तर भार वाढवून घ्यायला वेळ आणि पैसा दोन्ही जाणार. करारावर सही करण्याआधी हे काम मालकाच्या गळ्यात घाला. बिल घरगुती वापराचं असेल तर ती जागा ऑफिससाठी घेऊच नका, पुढे प्रत्येक कागदाला अडेल.

आणि आठवड्यातला देखभालीचा वार विचारा. पुणेकरांना गुरुवार माहीत असतो. तुमच्या भागाचा वार कोणता, ते महावितरणच्या शाखा कार्यालयात कळेल. ग्राहकाला डेमो त्या दिवशी ठेवायचा नाही.

नेट. "दोन कंपन्यांची कनेक्शनं घेतली आहेत," असं सगळे छाती काढून सांगतात. मी त्यांना गच्चीवर नेतो आणि दोन्ही केबली एकाच खांबावरून येताना दाखवतो. रस्ता खोदणाऱ्या जेसीबीला केबल कुठल्या कंपनीची ते कळत नाही, तो दोन्ही एकाच फटक्यात तोडतो. एक लीज्ड लाइन (फक्त तुमच्यासाठी राखीव इंटरनेट लाइन) घ्या, दुसरं कनेक्शन वेगळ्या वाटेने येणारं घ्या, शक्य असेल तर वायरलेस. लीज्ड लाइनवाल्याकडून प्रत्यक्ष पाहणी झाल्याचं लेखी घ्या. "होऊन जाईल साहेब" हे लेखी नव्हे.

चाचणी. करार करण्याआधी चार-पाच जणांना महिनाभर कोल्हापुरातल्या कोवर्किंगमधून किंवा छोट्या भाड्याच्या जागेतून काम करू द्या. नेहमीचंच काम, नेहमीच्याच वेळा, अमेरिकेचे रात्रीचे कॉलही त्यात आले. रात्री साडेअकराला जेवण कुठे मिळतं आणि मुलींनी घरी कसं जायचं, हे प्रश्न पहिल्याच आठवड्यात समोर येतात. कॅबची सोय कंपनीने करायची आहे, ती खर्चात धरा.

करार. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो. ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे, त्यात कंजूषपणा करू नका. नोंदणी नसलेला करार पुढे जीएसटीत आणि बँकेत अडतो. मालकाचं ना हरकत पत्र त्याच दिवशी घ्या, त्यात "कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय ठेवण्यास हरकत नाही" हे शब्द हवेत. मालक जीएसटीत नोंदलेला नसेल तर १० ऑक्टोबर २०२४पासून व्यापारी जागेच्या भाड्यावरचा १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने तुम्हाला भरावा लागतो. तो पुढे क्रेडिटमध्ये मिळतो (म्हणजे तुमच्या पुढच्या करातून वजा होतो), पण आधी खिशातून जातो.

तपासा: बेंगळुरूचा जुना करार काढा. लॉक-इन (ज्या काळात जागा सोडता येत नाही तो) कधी संपतो? नोटीस किती महिन्यांची? जागा मूळ स्थितीत परत करायची अट आहे का? तिथली अनामत बहुधा कित्येक महिन्यांच्या भाड्याइतकी असते आणि ती कापायला ही शेवटची अट हमखास वापरतात.

## ४. ग्राहकांना आपण सांगायचं, त्यांना परस्पर कळता कामा नये

मोठ्या ग्राहकांचे करार उघडा आणि "काम कुठून होईल" हे कलम शोधा. कित्येक करारांत पत्ता लिहिलेला असतो आणि तो बदलायला ग्राहकाची लेखी संमती लागते. आयएसओ २७००१ (माहितीच्या सुरक्षेचं प्रमाणपत्र) असेल तर प्रमाणपत्रावर जागेचा पत्ता असतो, ऑडिट करणाऱ्या संस्थेला आधी कळवा.

विसरली जाणारी गोष्ट स्टॅटिक आयपी, म्हणजे ऑफिसच्या इंटरनेटचा न बदलणारा क्रमांक. ग्राहकाच्या फायरवॉलमध्ये तुमचा बेंगळुरूचा आयपी नोंदलेला असतो. नवा नोंदवायला त्यांची सुरक्षा समिती बसते, आणि ती महिन्यातून एकदा बसते. नवी लीज्ड लाइन सुरू होताच आयपी कळवा आणि जुना चालू असेपर्यंत दोन्ही नोंदवून ठेवा.

## ५. बिलिंग: नवी जीएसटी नोंदणी आधी, जुनी रद्द शेवटी

जीएसटीची नोंदणी राज्यागणिक असते. तुमच्या क्रमांकाच्या सुरुवातीला २९ आहे, तो कर्नाटकचा. महाराष्ट्राचा २७. राज्य बदललं की जुना क्रमांक दुरुस्त होत नाही, नवाच घ्यावा लागतो. (मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांचा क्रमांक तोच राहतो. त्यांनी आरईजी-१४मध्ये मुख्य व्यवसायाची जागा १५ दिवसांत बदलून घ्यायची, बस्स.)

नोंदणीकृत कार्यालय बेंगळुरूतच असताना कोल्हापूरच्या जागेवर महाराष्ट्राची नोंदणी मिळते. हे ठाऊक नसल्यामुळे लोक महिनोन् महिने थांबतात. क्रम असा:

1. नोंदवलेला करार, वीजबिल आणि ना हरकत पत्र जोडून आरईजी-०१ हा नव्या नोंदणीचा अर्ज भरा. ऑफिसबाहेर कंपनीच्या नावाची पाटी आधीच लावा. पडताळणीला आलेल्या अधिकाऱ्याला कुलूप आणि कोरी भिंत दिसली की अर्ज गेला. क्रमांक मिळाला की तोही पाटीवर घाला.

2. नव्या क्रमांकावर लगेच एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) भरा. निर्यातदारांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. जुन्या क्रमांकाची एलयूटी नव्याला लागू होत नाही. ती नसताना निर्यातीचं पहिलं बिल काढलंत तर करासकट काढायचं का, हा वाद ओढवून घ्याल.

3. ठरवलेल्या महिन्याच्या १ तारखेपासून नवी बिलं नव्या क्रमांकावर काढा. महिन्याच्या मध्ये नको.

4. क्लाउड, गिटहब, इंटरनेट, प्रवास, जिथे जिथे जुना जीएसटी क्रमांक दिला आहे तिथे बदला. क्लाउडचं बिल सहा महिने जुन्याच क्रमांकावर येत राहिलेलं मी पाहिलं आहे. ते क्रेडिट नव्या नोंदणीत घेता येत नाही.

5. लॅपटॉप, सर्व्हर, खुर्च्या कायमच्या कोल्हापूरला येणार असतील तर कर्नाटकच्या नोंदणीने महाराष्ट्राच्या नोंदणीला आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) लावून बिल करायचं असतं. कंपनी एकच असली तरी जीएसटीच्या लेखी त्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. कर्नाटकात पडून असलेलं क्रेडिट या करासाठी वापरता येतं आणि तेवढंच इकडे मिळतं. मालाची किंमत ५०,०००च्या वर असेल तर ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी पोर्टलवर काढायचा कागद) काढा. ट्रकवाल्याला "आमचंच सामान आहे" एवढंच सांगून पाठवलेला टेम्पो वाटेत अडतो.

6. निर्यातीवरचा थकलेला परतावा कर्नाटकच्या क्रमांकावर मागून घ्या आणि पैसे बँकेत आले की मगच आरईजी-१६ने नोंदणी रद्द करायला टाका. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरण भरायचं. विसरलात तर विलंब शुल्क.

सावधान: "दोन नोंदण्या म्हणजे दुप्पट रिटर्न" म्हणून जुनी घाईने रद्द करू नका. सहा महिने शून्याची रिटर्न भरणं स्वस्त पडतं.

## ६. नोंदणीकृत कार्यालय: सहा महिने राहिल्यावर

नव्या गावात कंपनी रुळेपर्यंत हे काम काढू नका. तोवर बेंगळुरूचा पत्ता जिवंत ठेवा. तिथे टपाल घेणारा माणूस हवा, नुसती पाटी नको. पत्त्यावर कोणी नाही असं कंपन्यांच्या रजिस्ट्रारला आढळलं तर कंपनीचं नाव कमी करण्याची कारवाईसुद्धा होऊ शकते. हिशोबाची पुस्तकं कोल्हापूरला ठेवणार असाल तर संचालक मंडळाचा ठराव करून सात दिवसांत एओसी-५ भरा. हा छोटा फॉर्म जवळपास सगळे विसरतात.

पुण्याहून कोल्हापूर असेल तर दोन्ही जिल्हे पुणे रजिस्ट्रारकडे येतात, त्यामुळे काम हलकं: विशेष ठराव, ३० दिवसांत एमजीटी-१४ (ठराव कळवण्याचा फॉर्म) आणि ३० दिवसांत आयएनसी-२२ (नवा पत्ता कळवण्याचा फॉर्म). मुंबईहून येत असाल तर राज्य तेच, पण रजिस्ट्रार बदलतो, म्हणून प्रादेशिक संचालकांची (रजिस्ट्रारच्या वरचे केंद्र सरकारचे अधिकारी) मंजुरी लागते. अर्ज करण्यापूर्वी तुमचा जिल्हा सध्या कुठल्या रजिस्ट्रारकडे आहे ते बघून घ्या.

कर्नाटकातून महाराष्ट्रात मात्र लांबचा रस्ता आहे:

1. संचालक मंडळाची बैठक, मग भागधारकांची असाधारण सभा. सभेची नोटीस पूर्ण २१ दिवसांची. मेमोरँडममधलं (कंपनीच्या घटनेतलं) राज्याचं कलम बदलायचं असल्यामुळे विशेष ठराव लागतो. त्यानंतर एमजीटी-१४.

2. देणेकऱ्यांची, म्हणजे कंपनी ज्यांचे पैसे देणं लागते त्यांची यादी. ती अर्जाच्या तारखेला महिन्याभराहून जुनी नको. प्रत्येकाला नोंदणीकृत टपालाने नोटीस. चहावाल्याचं आणि कॅबवाल्याचं उरलेलं बिल आधीच देऊन टाका, यादी आपोआप आखूड होते.

3. आयएनसी-२६ नमुन्यात दोन जाहिराती: एक इंग्रजी वर्तमानपत्रात, एक स्थानिक भाषेत. इथे थांबा. स्थानिक भाषा म्हणजे सध्याच्या जिल्ह्याची भाषा, म्हणजे कन्नड. चाललोय कोल्हापूरला म्हणून मराठी दैनिकात जाहिरात देऊन मोकळे होणारे कमी नाहीत. एका फाइलमध्ये मी स्वतः ही चूक केली आहे. जाहिरातीचे पैसे गेलेच, आणि जाहिरात अर्जाआधीच्या ३० दिवसांतलीच हवी असल्यामुळे देणेकऱ्यांच्या यादीसकट सगळं पुन्हा करावं लागलं.

4. प्रादेशिक संचालकांकडे आयएनसी-२३चा अर्ज. सोबत संचालकांचं प्रतिज्ञापत्र, की या बदलापायी एकाही कर्मचाऱ्याला कामावरून काढणार नाही. आता दुसऱ्या टप्प्यात "नाही येणार" म्हणालेले आठवा. त्यांना आधीच राजीनामे द्यायला लावले असतील, तर हे प्रतिज्ञापत्र तुमच्या अंगाशी येईल. अर्जाची प्रत राज्याच्या मुख्य सचिवांनाही द्यायची असते. कंपनीवर चौकशी किंवा खटला चालू असेल तर मंजुरीची आशा धरू नका.

5. आदेशाची प्रत हाती आली की ३० दिवसांत आयएनसी-२८ (आदेश रजिस्ट्रारकडे दाखल करण्याचा फॉर्म), आणि पाठोपाठ आयएनसी-२२. त्याला जोडायचं वीजबिल दोन महिन्यांच्या आतलं लागतं, ते आधीच मागून ठेवा.

6. नवं प्रमाणपत्र येतं, त्यावर सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) बदललेला असतो. त्यात मध्ये राज्याची दोन अक्षरं असतात, केएची एमएच होतात. लेटरहेड, बिलं, वेबसाइट, ईमेलची सही, सगळीकडे नवा क्रमांक घाला. दारावरच्या पाटीवर नाव देवनागरीतही हवं.

एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) असेल तर वाट वेगळी: फॉर्म १५, भागीदारांची संमती, आणि राज्य बदलत असेल तर फॉर्म भरण्याच्या किमान २१ दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना.

## ७. उरलेल्या नोंदी

यांत अवघड काही नाही, पण एखादी राहतेच. डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) आयईसीत, म्हणजे आयात-निर्यात क्रमांकाच्या नोंदीत, पत्ता बदला. सॉफ्टेक्स (सॉफ्टवेअर निर्यातीची माहिती देणारा) फॉर्म यापुढे एसटीपीआयच्या (सरकारी सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क संस्थेच्या) कुठल्या केंद्राकडे जाणार ते ठरवून घ्या, कोल्हापुरात त्यांचं केंद्र आहे. बँकेत केवायसी, पॅन आणि टॅनवरचा पत्ता, भविष्य निधी आणि ईएसआयसीच्या नोंदी, महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. अमेरिकी ग्राहकांना दिलेला डब्ल्यू-८बेन-ई (आपली कंपनी अमेरिकी नाही हे करासाठी सांगणारा) फॉर्म नव्या पत्त्याने पुन्हा द्या.

व्यवसाय कराचे महाराष्ट्रात दोन क्रमांक लागतात: पीटीईसी कंपनीचा स्वतःचा, पीटीआरसी कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापायचा. इथे नव्याने स्थापन होणाऱ्या कंपनीला ते स्थापनेबरोबर मिळतात, बाहेरून आलेल्याला स्वतः मागावे लागतात. महिना १०,०००च्या वर पगार असलेल्या पुरुषाचे २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. स्त्रियांना २५,०००पर्यंत माफी. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक माणसाचं राज्य तो प्रत्यक्ष ज्या महिन्यात आला त्या महिन्यापासून बदला. घरून काम करण्यासाठी बेंगळुरूतच राहिलेल्यांचं बदलू नका.

## ८. हलवायचा आठवडा

सामान शुक्रवारी रात्री भरा. त्या आधीच्या सोमवारी सगळ्यांना घरून काम करायला लावून जुन्या ऑफिसशिवाय काही अडतंय का ते बघा. कोणाच्या तरी टेबलाखाली विसरलेलं एक मशीन चालू असतं आणि रोजचं बिल्ड त्याच्यावरच होत असतं. ते ट्रकमध्ये चढण्याआधी सापडलेलं बरं.

जुनी जागा सोडताना भिंती, छत, वायरिंगचे तारखेसह फोटो काढा, चाव्या दिल्याची पोच लेखी घ्या आणि अनामत परत मिळण्याची तारीख त्याच कागदावर लिहून घ्या. बेंगळुरूच्या मोबाइल नंबरवर जीएसटी, बँक आणि आयकराचे ओटीपी येत असतात. तो नंबर बंद करण्यापूर्वी प्रत्येक पोर्टलवर नवा नंबर टाका आणि एकदा लॉगिन करून बघा.